वाढत्या अंगाची मोटरसायकल घेऊ नका

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या स्टेडियमवर मातीचे उंचवटे रचून सुपरक्रॉसची लीग झाली. लोक गेले होते ४५० सीसीच्या गाड्या हवेत उडताना बघायला. पण ज्यांच्यासोबत दहा-बारा वर्षांचं पोर होतं, त्यांच्या डोक्यात परतताना भुंगा लागला होता तो ८५ सीसीच्या ज्युनिअर गटाचा. "बाबा, मला पण." पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केटीएमने मुलांच्या स्पर्धेच्या गाड्या भारतात अधिकृतपणे आणल्या. तेव्हाची एक्स-शोरूम किंमत ५० एसएक्सची ४ लाख ७५ हजार, ६५ एसएक्सची ५ लाख ४७ हजार आणि ८५ एसएक्सची ६ लाख ६९ हजार. कावासाकीची केएक्स ६५ त्याआधीच तीन लाखांच्या थोडी वर मिळत होती.

तेव्हापासून ओळखीतल्या आई-बापांचे फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: पन्नास सीसीला पावणेपाच लाख? दुसरा थोड्या वेळाने येतो: आणि म्हणे दर चार-पाच महिन्यांनी पिस्टन बदलायचा? माझ्या भाच्याची ६५ सीसीची गाडी गेली तीन वर्षं मीच उघडतो-जोडतो. त्यात केलेल्या चुकांच्या जोरावर हे लिहितो आहे.

आधी इंजिन समजून घेऊ

मोटोक्रॉस म्हणजे बंदिस्त मातीच्या ट्रॅकवरची शर्यत, आणि त्यासाठीच बनवलेली गाडी. तिला दिवा नसतो, आरसा नसतो, नंबरप्लेट नसते. मुलांच्या गटात या गाड्या अजूनही बहुतेक टू-स्ट्रोक आहेत.

फोर-स्ट्रोक इंजिन म्हणजे शिस्तीच्या डेपोतली एसटी. आधी सगळे उतरणार, मग चढणारे चढणार, मग घंटी, मग गाडी सुटणार. हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं ही चार कामं पिस्टनच्या वर-खाली अशा चार वेगवेगळ्या धावांत होतात. क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, दोनदा फिरतो तेव्हा एकदा ताकद मिळते.

टू-स्ट्रोक म्हणजे संध्याकाळी सहाचं दादर. उतरणारे आणि चढणारे एकाच वेळी, एकमेकांना रेटत. नवीन मिश्रण आत घुसतं आणि घुसता घुसता जळालेला धूर बाहेर ढकलतं. क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट. म्हणून तेवढ्याच आकारात आणि कमी वजनात हे इंजिन जास्त ताकद देतं. त्यात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडणारा कॅमशाफ्ट नाही. एखाद्या रविवारी घरच्या अंगणात उघडून जोडता येईल इतकं ते साधं असतं.

दादरला एक गंमत नेहमी होते. नुकताच आत शिरलेला माणूस उतरणाऱ्यांच्या लोंढ्यासोबत परत फलाटावर फेकला जातो. टू-स्ट्रोकमध्येही न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरकडे निसटतं. प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर चेतक आणि आरएक्स १०० सारख्या गाड्या रस्त्यावरून गेल्या, त्याचं मोठं कारण हेच. मोटोक्रॉस गाडीचा तो मध्येच फुगलेला आणि शेवटी निमुळता होणारा पाइप यावरचा उपाय आहे. त्यात धुराची लाट पुढे आदळून उलटी फिरते आणि निसटू पाहणाऱ्या मिश्रणाला परत आत ढकलते, फलाटावरच्या गर्दीने खांदा लावून आत कोंबावं तसं. पण या लाटेची वेळ इंजिनच्या ठरावीक वेगालाच जुळते. त्याखाली गाडी मरगळलेली वाटते, आणि तो वेग आला की एकदम उसळते. पोरं पडतात ती बरेचदा या उसळीला. पाइपला मोठा पोचा आला तर गाडीचा नूर बदलतो, तोही याच लाटेमुळे.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या इंजिनात क्रँकच्या भागात ऑईल साठवलेलं नसतं. नवीन मिश्रण तिथूनच वर जातं, त्यामुळे वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. पेट्रोल पोचलं तरच तेल पोचणार. पुढची जवळजवळ सगळी देखभाल या एका वाक्यातून निघते.

पण लुनाही ५० सीसीचीच होती ना?

होती. टू-स्ट्रोकही होती. १९७२ साली आलेली ती गाडी दोन माणसं आणि गव्हाचं पोतं घेऊन वर्षानुवर्षं चालली, आणि इंजिन क्वचितच कुणी उघडलं असेल. मग या रेसिंग गाडीचेच एवढे लाड का?

औताचा बैल आणि शर्यतीचा बैल यांत जो फरक, तोच इथे. औताचा दिवसभर रमतगमत ओढतो. शर्यतीचा काही सेकंद जीव तोडून धावतो. त्याचा खुराक वेगळा, मालिश वेगळी आणि किंमतही वेगळी. मुलांच्या रेसिंग गाडीचं इंजिन मिनिटाला ११-१२ हजार फेऱ्यांपर्यंत जातं. १२ हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला २०० स्फोट. लुनाच्या इंजिनाने असलं काही स्वप्नातही केलं नसेल. त्याच पन्नास सीसीतून जास्त पिळून काढलं की झीजही त्याच हिशोबाने होणार.

बाजारात ऑनलाइन दिसणाऱ्या, दोरी ओढून चालू होणाऱ्या स्वस्त ४९ सीसी 'डर्ट बाइक' हा तिसराच प्राणी. सोसायटीच्या मैदानात गंमत म्हणून ठीक. उडी मारून उतरायला मात्र त्यांचे शॉकअप आणि वेल्डिंग बनवलेलेच नसतात. माझं मत कडक आहे: ट्रॅकवर त्या आणूच नका.

कोणती घ्यायची?

आपल्याकडे गणवेश, बूट, सायकल सगळं 'वाढत्या अंगाचं' घ्यायची पद्धत आहे. बाही दोनदा दुमडली की वर्ष निघतं. मोटरसायकलमध्ये ही काटकसर हाडावर येते. पाय टेकत नाहीत म्हणून पोर घाबरतं, घाबरलं की ताठरतं आणि ताठरलं की पडतं.

ढोबळ मापं अशी. अमेरिकेतल्या एएमए या मोटरसायकल संघटनेच्या हौशी स्पर्धांत ५१ सीसीपर्यंतचा गट ४ ते ८ वर्षांच्या मुलांचा आणि ६५ सीसीचा ७ ते ११ वर्षांच्या मुलांचा असतो. ८५ सीसी त्याच्या पुढची. पण वयापेक्षा उंची, वजन आणि हाताचा सराव बघा. ५० सीसीला एकच गिअर आणि आपोआप धरणारा क्लच असतो. मुलाने फक्त ॲक्सिलरेटर आणि ब्रेक सांभाळायचे. ६५ ला हाताचा क्लच आणि सहा गिअर येतात. ही उडी सीसीच्या आकड्यावरून वाटते त्यापेक्षा बरीच मोठी आहे. केएक्स ६५ ची सीट जमिनीपासून ७६० मिलिमीटर आणि वजन ६० किलो. २८ किलोच्या पोराने पडलेली गाडी एकट्याने उचलायची म्हणजे काय, ते यावरून समजा. ८५ मध्ये चाकांचे दोन प्रकार मिळतात, पुढे १७ मागे १४ इंच किंवा पुढे १९ मागे १६ इंच. गाडी तीच, पण उंची वेगळी. दुकानात नुसतं '८५' म्हणू नका, चाक कोणतं ते विचारा.

दुकानात परीक्षा सोपी आहे. बूट घालून मुलाला बसवा. दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत. पायपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहिल्यावर कोपर आणि गुडघे किंचित वाकलेले राहायला हवेत. शॉकअपही वजनाप्रमाणे जुळवावे लागतात: पूर्ण पोशाखात मूल बसल्यावर मागचा शॉकअप त्याच्या एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश खाली बसावा. अजिबात बसत नसेल तर स्प्रिंग त्याच्यासाठी कडक आहे, आणि प्रत्येक खड्डा थेट पोराच्या मणक्यात जाणार.

सेकंडहँड घेतली तर?

घ्या. उलट पहिली गाडी सेकंडहँडच घ्यावी असं मी म्हणेन, कारण पोर दीड-दोन वर्षांत तिच्यातून मोठं होणार. फक्त चकाकीला भुलू नका. नवे स्टिकर शेकड्यात येतात. किक हाताने दाबून बघा. दम नसेल, जोर न लावताच सरकत असेल, तर कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेलेलं आहे. मागचं चाक उचलून वर-खाली हलवा. खटखट वाजलं तर लिंकेजची, म्हणजे मागच्या शॉकअपच्या जोडणीची, बेअरिंग संपली. इंजिनच्या नटांचे कोपरे झिजलेले असतील तर कुणीतरी पान्ह्याऐवजी पक्कड वापरली आहे, आणि जो नटाला पक्कड लावतो त्याने आत काय केलं असेल याची कल्पना करा.

एक धोका आपल्याकडे खास आहे. आतून लोखंडी नळी (स्लीव्ह) असलेल्या जुन्या सिलिंडरची आपल्याला सवय. घासला की लेथवर न्यायचा, बोअर करायचा, म्हणजे आतून खरवडून थोडा मोठा करायचा, वरच्या मापाचा पिस्टन टाकायचा. यामाहा, येझदी, चेतक सगळ्या अशाच जगल्या. आजच्या मोटोक्रॉस सिलिंडरला आतून बहुधा निकासिलचा किंवा तशाच जातीचा लेप असतो: ॲल्युमिनिअमवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा, केसाएवढा पातळ आणि अतिशय कठीण थर. तो बोअर करता येत नाही. आमचा पहिला सिलिंडर असाच गेला. लेथवाला म्हणाला, "मामा, एक साइज वरचा टाकू, संध्याकाळी घेऊन जा." मीही मान डोलावली, इतकी वर्षं हेच तर केलं होतं. टूलने लेप सोलला, खालचं मऊ ॲल्युमिनिअम उघडं पडलं, आणि नवा पिस्टन दुसऱ्या दिवशी तिसऱ्या फेरीत चिकटला. चूक त्याची निम्मी, माझी पूर्ण. असा सिलिंडर खराब झाला तर पर्याय दोनच, पुन्हा लेप चढवून घेणं किंवा नवा आणणं. जुनी गाडी घेताना म्हणूनच विचारा: सिलिंडर कधी उघडला, आणि त्याचं काय केलं?

तेल किती? थोडं जास्त टाकलं तर बरंच की

प्रमाण मॅन्युअलमध्ये असतं आणि ते गाडीगणिक बदलतं. केएक्स ६५ ला ३२ भाग पेट्रोलला १ भाग तेल, यामाहाच्या वायझेड ६५ ला ३० ला १, केटीएमच्या छोट्या गाड्यांना ६० ला १. पाच लिटर पेट्रोलचा हिशोब केला तर अनुक्रमे १५६, १६७ आणि ८३ मिलिलिटर. अंदाजाने 'दोन झाकणं' टाकायचा हा विषय नाही. आमच्याकडे भाच्याच्या धाकट्या बहिणीची जुनी दुधाची बाटली याच कामाला आहे. तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा छान दिसतात. वर लाल रंगाने 'विष' लिहून ती फडताळात सगळ्यांत वर ठेवली आहे. आधी डब्यात तेल, मग निम्मं पेट्रोल, झाकण लावून हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल.

जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज निम्माच खरा. तेल वाढवलं की तेवढ्याच जागेत पेट्रोल कमी बसतं, आणि मिश्रण थोडं कोरडं होतं. कोरडं म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. कोरडं मिश्रण जास्त तापतं. शिवाय प्लग काळा होतो, पाइपमध्ये कार्बन साठतो. तेल कमी पडलं तर मात्र चर्चाच नको, इंजिन सीझ, म्हणजे पिस्टन आतच चिकटून बसणार. म्हणून सांगितलेलं प्रमाण धरा आणि तेल चांगल्या प्रतीचं, जासो या जपानी मानकाच्या एफडी दर्जाचं टू-स्ट्रोक तेल वापरा. एकेकाळी रेसिंगमध्ये एरंडेल वापरायचे, कॅस्ट्रॉल हे नावही त्यावरूनच आलं. जुने लोक त्या वासाच्या आठवणी काढतात. आपण सिंथेटिक टाकू.

दोन सवयी पोरालाच लावा. थंड गाडी लगेच पिळायची नाही, कारण पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर तापून फुगतो आणि अडकतो. दोन-तीन मिनिटं गरम होऊ द्यायची. आणि लांब उतारावर वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गिअरवर गाडी रेटायची नाही. इंजिन जोरात फिरतंय, पेट्रोल जवळपास बंद, म्हणजे तेलही बंद.

आणि हे ई-२० पेट्रोल?

हा प्रश्न आता रास्त आहे. २०२५ पासून पंपावरचं साधं पेट्रोल देशभर २० टक्के इथेनॉलचं झालं. या गाड्यांची मॅन्युअल बहुधा १० टक्क्यांपर्यंतची मुभा देतात. फरक कुठे पडतो? एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच पुरते. त्यामुळे कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रातून, ई-२० सोडलं तर मिश्रण कोरडं पडतं. रस्त्यावरच्या नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हे सांभाळून घेतो. आपल्या गाडीत कार्बोरेटर आहे, त्याला काही कळत नाही. जाणकार मेकॅनिककडून मेन जेट एखाद-दोन आकडे वाढवून, प्लगचा रंग बघून खात्री करून घ्या. प्लग चहाच्या रंगाचा हवा. पांढराफटक दिसला तर थांबा.

इथेनॉल ओलावाही ओढून घेतं. पावसाळ्यात दोन महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी-इथेनॉल तळाशी बसतं आणि तेल-पेट्रोल वर राहतं. मग पहिल्या किकला इंजिनात काय जाणार, तुम्हीच बघा. मिसळलेलं पेट्रोल दोन-तीन आठवड्यांत संपवा, आणि गाडी उभी करताना कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. खालचा छोटा स्क्रू सैल केला की झालं, पाच मिनिटांचं काम.

फिल्टर: सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत दुर्लक्षित

मला एकच काम निवडायला सांगितलं तर मी हे निवडेन. एप्रिलमधल्या आपल्याकडच्या ट्रॅकवर धूळ पिठासारखी असते. इंजिन आणि ती धूळ यांच्यामध्ये फक्त तेलात भिजवलेला फोम. दर राइडनंतर तो निघाला पाहिजे, पुढच्या राइडआधी नाही. तोवर धूळ तेलात घट्ट बसते.

काढला की लगेच एअरबॉक्समध्ये (फिल्टर बसतो त्या पेटीत) इंजिनकडे जाणाऱ्या तोंडाशी स्वच्छ फडकं कोंबायचं, आणि ते परत काढायचं लक्षात ठेवायचं. (हसू नका.) फोम फिल्टर-क्लीनरमध्ये किंवा रॉकेलमध्ये धुवा, मग साबणाच्या पाण्यात. पिळायचा नाही, दोन तळहातांत दाबायचा. पिळलं की शिवण उसवते, आणि त्या दाण्याएवढ्या फटीतून एका दिवसात पिस्टनच्या रिंगा जातात. सावलीत पूर्ण वाळला की फिल्टरचं चिकट तेल ओतून पुरणाच्या कणकेसारखा मळायचा, सगळीकडे एकसारखा रंग येईपर्यंत. शेवटी कडेला ग्रीसचं बोट फिरवायचं. पहिल्यांदा अर्धा तास लागतो, नंतर दहा मिनिटं. दोन-तीन फिल्टर तयार करून प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवले की शर्यतीच्या दिवशी डोक्याला ताप नाही.

किलोमीटर नाही, तास

या गाड्यांचं आयुष्य तासांत मोजतात. काहीशे रुपयांचा अवर-मीटर मिळतो, प्लगच्या वायरीला गुंडाळला की इंजिन किती तास चाललं ते दाखवतो. गाडी नवी असो की जुनी, पहिल्याच दिवशी बसवा.

गिअरबॉक्सचं ऑईल दर पाच-दहा तासांनी. ते क्लचचंही असतं आणि थोडंसंच असतं, म्हणून लवकर काळवंडतं. पिस्टनचा आकडा मॅन्युअल सांगेल. मुलांच्या रेसिंग गाड्यांत तो बहुधा २० ते ४० तासांच्या आसपास येतो. आठवड्याला दोन तास धरले तर ४० तास पाच महिन्यांत. ताशी २५ च्या सरासरीने हे अंतर होतं १००० किलोमीटर, म्हणजे घरच्या स्कूटरची पहिली सर्व्हिसिंग जिथे येते, तिथे हिचा पिस्टन बदलायला आला.

"चालतेय ना, मग कशाला उघडायची?" भावजींचा हा आवडता सवाल. टू-स्ट्रोकचा पिस्टन तुटेपर्यंत चालतो म्हणून. झीज हळूहळू होते, पोर सवयीने जास्त पिळतं, कुणाला कळत नाही. मग एक दिवस पिस्टनच्या खालच्या कडेचा तुकडा पडतो, क्रँकच्या भागात शिरतो आणि सिलिंडर, बेअरिंग, कनेक्टिंग रॉड सगळ्याला घेऊन बुडतो. पिस्टन, रिंगा, पिन, सर्क्लिप (पिनला जागेवर धरणाऱ्या कड्या), छोटं बेअरिंग आणि पॅकिंग वेळेवर बदलणं त्या बिलापुढे किरकोळ. बसवताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला, आणि सर्क्लिप दर वेळी नव्याच.

बाकी कामं पटापट. चेन धुऊन तेल. रेडिएटरच्या जाळीतला चिखल मऊ ब्रशने. जोरदार पाण्याचा फवारा बेअरिंगवर मारायचा नाही. आणि चाकाच्या तारा, नव्या गाडीत पहिल्या दोन-चार राइडपर्यंत रोज. माठ घेताना जसा वाजवून बघतो तसा प्रत्येक तारेवर पान्हा हलका टेकवायचा. 'टण' आलं तर ठीक, 'टप' आलं तर सैल. हे काम भाचाच करतो, त्याचा कान माझ्यापेक्षा तयार आहे.

मग इलेक्ट्रिक का नको?

अगदी लहानांसाठी हवीच. चार-पाच वर्षांच्या पोराला तोल आणि ब्रेक शिकवायला इलेक्ट्रिकसारखं सोपं काही नाही: आवाज नाही, तेल नाही, वेगाला लगाम घालता येतो. पुढे गटांचे नियम, दिवसभराच्या सरावाला लागणारं चार्जिंग आणि ट्रॅकवरची सोय यांत टू-स्ट्रोक अजून पुढे आहे. अजून, असंच म्हणतो.

सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर एक चक्कर?

नाही. ५० सीसीपर्यंतची गाडी १६ व्या वर्षी चालवता येते, हे कलम लोक तोंडावर फेकतात. पण या गाड्यांची नोंदणीच होत नाही, त्यामुळे सार्वजनिक रस्ता कोणत्याच वयात बंद. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी घातली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-ए खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. गाडी टेम्पोत किंवा पिकअपमध्ये घालून ट्रॅकवर न्यायची. तो खर्चही पहिल्या दिवशीच हिशोबात धरा, आणि हेल्मेट, बूट, गुडघ्याचं व छातीचं कवच, मानेची पट्टी यांचाही. हेल्मेट तर वाढत्या अंगाचं कधीच नको. सैल हेल्मेट पडताना आधी निघून जातं.

गेल्या महिन्यात आम्ही ६५ विकायला काढली. भाचा आता दीड वीत वाढलाय, पायपेगवर उभा राहिला की गुडघे हँडलला लागतात. घेणारे साताऱ्याहून आले होते, वडील आणि नऊ वर्षांची मुलगी. वडिलांनी गाडी फिरून पाहिली, किक हाताने दाबली, मग विचारलं, "इंजिन कधी उघडलं?" भाच्याने शंभर पानी वही पुढे केली. तारीख, तास, काय बदललं, सगळं त्याच्या अक्षरात. ते वाचत होते तोवर मुलगी गाडीवर चढली आणि खाली बघून म्हणाली, "पप्पा, पाय टेकले."